कवीचा रकाना : ऑनलाइन श्रवण-ग्रंथालय आणि तौलनिक साहित्याभ्यास

विद्यापीठांच्या वर्गणीतून उपलब्ध होणारी ऑनलाइन श्रवण-ग्रंथालये ही संगीताच्या विद्यार्थ्यांची सोय आहे, असा समज आपल्या साहित्यविभागांत रूढ आहे. वस्तुतः कविता आणि तिचे गायन यांचा संबंध तपासू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यांचा उपयोग कमी नाही. मात्र त्यांची सूचिरचना जाणून घेतल्यावाचून तो पुरता होत नाही. १९८७ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या नॅक्सोस या ध्वनिमुद्रण-संस्थेचे, २००२ पासून चालू असलेले ‘नॅक्सोस म्युझिक लायब्ररी’ हे उदाहरण घेऊ. तेथील सूचीचा कणा म्हणजे संगीतरचनाकार. त्याखाली कृती, तिचे खंड आणि गायक-वादक. युरोपीय स्वरलिपीबद्ध संगीताला हा क्रम स्वाभाविक आहे. कविता हे ज्याचे अभ्यासद्रव्य आहे त्याला मात्र तो उलटा वाचावा लागतो.

ग्योथेची ‘एर्लक्योनिग’ ही कथाकविता घ्या. रात्रीच्या वाऱ्यातून आजारी मुलाला घोड्यावर घेऊन निघालेला बाप, मुलालाच दिसणारा आणि ऐकू येणारा एर्लराजा, आणि शेवटी मुलाचा मृत्यू. १७८२ मध्ये ‘डी फिशरिन’ या संगीतिकेच्या आरंभी कोरोना श्र्योटरने ती आपल्याच चालीवर म्हटली. चाल साधी, प्रत्येक कडव्याला तीच. कोळीण काम करता करता जुने गाणे गुणगुणते आहे, एवढाच तिचा आविर्भाव. शूबर्टने १८१५ मध्ये केलेल्या रचनेत हा अलिप्तपणा उरत नाही. पियानोवरील अखंड तिहेरी आघातांतून घोड्याची दौड ऐकू येते आणि बापाला मारलेली मुलाची हाक दर वेळी वरच्या स्वरावर जाते. १८१८ च्या सुमारास लोवेने केलेल्या रचनेत एर्लराजा एकाच स्वरसंवादाच्या सुरांवर, जवळजवळ कुजबुजत बोलतो; तो खरोखर आहे की मुलाचा भास, हा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो. माझ्या मते लोवेचे वाचन कवितेतील संदिग्धतेशी अधिक प्रामाणिक आहे, शूबर्टची थोरवी मान्य करूनही. तिन्ही रचना एका बैठकीत ऐकणे म्हणजे एका संहितेची तीन भाष्ये शेजारी ठेवणे होय. सूचीत त्या तीन रचनाकारांच्या नावांखाली विखुरलेल्या असतात. त्यांना एकत्र आणणारा धागा अभ्यासकानेच आणावा लागतो.

भाषांतर मध्ये आले की हा धागा अधिकच लांबतो. झेम्लिन्स्कीची ‘लिरिक सिंफनी’ (१९२२-२३) सात गीतांची आहे. त्या कविता रवींद्रनाथांच्या ‘द गार्डनर’ (१९१३) मधील; मूळ बंगाली कविता निरनिराळ्या संग्रहांतल्या, इंग्रजी रूप कवीचे स्वतःचे, आणि गायिले जाते ते हान्स एफेनबर्गरचे जर्मन. तीन भाषांचा हा प्रवास तौलनिक अभ्यासाचा गाभाच आहे. पण कृती झेम्लिन्स्कीची म्हणून नोंदली जाते, आणि ती बंगालीच्या अभ्यासकाच्या दृष्टीस क्वचितच पडते.

हिंदुस्थानी संगीतापाशी येताच अडचणीचे स्वरूपच पालटते. येथे रचनाकाराचे नाव सूचीत नव्हे, बंदिशीच्या शब्दांत असते. मुहम्मदशाहाच्या (१७१९-१७४८) दरबारातील नियामतखाँ ‘सदारंग’ या मुद्रेने आपल्या ख्यालांत उपस्थित आहे. परंतु ती मुद्रा असलेली प्रत्येक बंदिश त्याचीच, असे म्हणता येत नाही. ‘नामा म्हणे’ असा शेवट असलेल्या सर्व अभंगांचे कर्तृत्व एका नामदेवाकडे देता येत नाही, हे आपण गाथेच्या चिकित्सेतून शिकलो आहोत. हा विवेक ख्यालालाही लागू आहे. शिवाय घराण्यागणिक शब्द बदलतात, कधी मुद्राच गळते. रचनाकार हाच कणा असलेल्या सूचीने येथे मुद्रा पाहून सदारंगाचे नाव लिहिले तर ती अतिनिश्चित होते, आणि ‘पारंपरिक’ असे लिहिले तर मुद्रा पुसली जाते.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत याच्या जोडीला आणखी एक नाममुद्रा ऐकू येते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेस्बर्गने गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्यांच्या मुद्रिकांत गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात. जर्मनीत मुद्रिका घडवणाऱ्यांना नोंद करणे सुकर व्हावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. गायिकेचे हे नाव सूचीपर्यंत पोहोचले. अंतऱ्यातील नाव मात्र शब्द कान देऊन ऐकणाऱ्यालाच सापडते, आणि तो ऐकणारा संगीताचाच असावा असे नाही.