बाणकोटला ‘बघण्यासारखं काही नाही’?

बाणकोटला जायच्या आधी सवयीप्रमाणे मराठीत सापडेल ते सगळं वाचून काढलं. दोन तासांत संपलं, कारण सगळे लेख मुळात एकच लेख आहेत. मंडणगडपासून अंतर, गाडी थेट दरवाजापर्यंत जाते ही आनंदाची बातमी, मग ‘पहिल्या शतकातल्या प्लिनीने उल्लेख केलेलं मंदारगिरी’, मग आदिलशहा, आंग्रे, इंग्रज, ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव आणि शेवटी निकाल: गड लहान आहे, अर्ध्या तासात बघून होतो, अवशेष फारसे नाहीत, पण वरून खाडी झकास दिसते.

खाडी झकास दिसते, यात वाद नाही. माझी पीएचडी याच खाडीच्या गाळावर चालली आहे आणि माझं घर पोलादपूरला, म्हणजे सावित्री महाबळेश्वरहून उतरून जिथे जरा सपाटीला येते तिथलं. बाकीच्या लेखाबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

आधी किरकोळ चुका. पहिल्या शतकातल्या ज्या मजकुरात हे नाव येतं तो प्लिनीचा नाही, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनाचा आहे. त्यात सेमुल्ला म्हणजे चौल, आणि त्याच्या पुढचं बंदर मांडागोरा, एवढंच येतं. मांडागोरा म्हणजेच बाणकोट हा अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क वाईट नाही, पण तर्क आहे. एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरताना तो ‘उल्लेख आढळतो’ होतो आणि मग कायमचा बसतो.

दुसरी गंमत व्हिक्टोरियाची. नाव वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर राणी येते. पण इंग्रजांकडे हा किल्ला रीतसर आला १७५६ मध्ये आणि राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा. आंग्र्यांच्या काळातलं नाव होतं हिम्मतगड. ते पुसून ठेवलेलं व्हिक्टोरिया हे नाव राणीच्या आधीचं आहे.

खरा आक्षेप तिसरा. या लेखांमध्ये १७५६ नंतर एकदम आजचा दिवस उजाडतो. मधली दोनशे-अडीचशे वर्षं गायब.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. खाडीच्या काठच्या चिखलात आम्ही पाइप उभा दाबतो आणि गाळाचा अखंड दंडगोल बाहेर काढतो. त्याला कोअर म्हणतात. तो एकेक सेंटिमीटरच्या चकत्यांमध्ये कापायचा आणि प्रत्येक चकतीतलं शिसं-२१० मोजायचं. हे किरणोत्सारी शिसं हवेतून सतत खाली बसत असतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. म्हणून खालच्या चकतीत ते किती उरलंय यावरून ती कधी साचली हे कळतं. शे-दीडशे वर्षांपर्यंत हे घड्याळ चालतं, त्यापलीकडे मोजण्याजोगं शिसंच उरत नाही. कधी कधी वरच्या चकतीचं वय निघतं दहा वर्षं आणि लगेच तिच्याखालचीचं निघतं साठ. नवा विद्यार्थी म्हणतो, मधल्या पन्नास वर्षांत काही साचलंच नाही. मी पण म्हटलं होतं. गाईडने तेव्हा फक्त एवढंच विचारलं, ‘साचलं नाही, की साचलेलं वाहून गेलं?’ पूर येतो, वरचे थर खरवडून नेतो, त्यावर नवा गाळ बसतो. थर नाही म्हणजे काळ नव्हता असं नाही. तो थर कुठे गेला हे बघायला खाडीत आणखी खाली किंवा आणखी वर जावं लागतं.

बाणकोटच्या बाबतीत मी वर गेले.

पण आधी किल्ला. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरच्या टेकडीवर तो आहे. समोर उत्तरेला बागमांडला आणि हरिहरेश्वर. सगळं काम जांभ्याचं: तट, बुरूज, आणि जांभ्यातच खोदलेला खंदक. जांभा हा विचित्र दगड आहे. हजारो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम धुऊन नेलं की मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, तो जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. त्यामुळे तट अजून उभा आहे आणि आतलं जे लाकडाचं, मातीचं, माणसांचं होतं ते नाही. आत उभं राहून गड बघायला गेलं तर खरंच अर्धा तास पुरतो. टेहळणीसाठी निवडलेली जागा आतून बघण्यात काय अर्थ आहे? तटावर चढायचं आणि पूर्वेला बघायचं. खाडी वळणं घेत डोंगरात शिरते ती आंबेतकडे, दासगावकडे, महाडकडे.

इंग्रजांना बाणकोट का हवं होतं याचं उत्तर त्या दिशेला आहे. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला तो नानासाहेब पेशव्यांच्या सांगण्यावरून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. पाठोपाठ बाणकोट गेलं. १७५६ च्या सुरुवातीला विजयदुर्ग पडला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहात विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट आणि दहा गावं कंपनीच्या नावावर पक्की झाली. घाटावरचा माल वरंध घाटातून आणि पार घाटातून बैलांवर महाडला उतरायचा आणि महाडहून गलबतांनी समुद्राला लागायचा. त्या वाटेच्या तोंडाशी बाणकोट.

दासगाव आज मुंबई-गोवा महामार्गावरचं, चटकन मागे पडणारं गाव आहे. बाहेरच्यांना ते माहीत असलंच तर २००५ च्या दरडींमुळे. पण अठराव्या शतकात ते कंपनीच्या ताब्यातलं बंदर होतं. जेम्स फोर्ब्ज नावाचा कंपनीचा कारकून तिथे येऊन राहिला होता आणि १८१३ मध्ये छापलेल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’मध्ये त्याने दासगावबद्दल आणि जवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल लिहिलंय. फोर्ब्जला चित्रकाराची नजर होती. डोंगर, झाडं, पक्षी तो आवडीने टिपतो. वल्ही मारणारे आणि ओझी वाहणारे त्याच्या चित्रात आहेत, पण देखाव्याचा भाग म्हणून. अडीचशे वर्षांनी आपण ‘दृश्य अप्रतिम’ लिहितो तेव्हा आपण फोर्ब्जच्या फार पुढे गेलेलो नसतो.

पुढचं भराभर सांगते. १८०२ मध्ये पुण्याजवळ होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो महाडकडे, तिथून सुवर्णदुर्ग आणि मग वसई. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. १८१८ च्या मे महिन्यात महाडच्या डोक्यावरचा रायगड कर्नल प्रॉथरने तोफा डागून घेतला. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं काही काळ चक्क बाणकोटला होतं, १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हललं. पुढच्याच वर्षी स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपलं काम बाणकोटपासून सुरू केलं. जिल्ह्याचं ठाणं राहिलेल्या गावाबद्दल आपण ‘इंग्रजांना उपयोग वाटला नाही म्हणून सोडून गेले’ एवढ्यावर भागवतो!

आता या लेखांमधली एकमेव माणसाची गोष्ट बघा. खाडीच्या मुखाशी बोट बुडून मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी गेली, ही ती गोष्ट. त्याचं नाव महाबळेश्वरच्या आर्थर सीटशी जोडतात, आणि सावित्रीचा उगम तिकडचाच, त्यामुळे गोष्ट सांगायला छान जमते. दुःख खरं आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण एवढ्या लांब इतिहासात आपल्याला लक्षात ठेवावंसं वाटलेलं एकच कुटुंब साहेबाचं असावं, हे मला खटकतं. बाणकोट आणि नंतर दापोलीचा कॅम्प, या इंग्रजी ठाण्यांच्या आसपासच्या गावांमधून कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई गेले. त्यात महार मोठ्या संख्येने होते. त्यांची कुटुंबं?

एका कुटुंबाचं गाव आंबडवे. तेही मंडणगड तालुक्यातच, म्हणजे किल्ला ज्या तालुक्यात आहे त्याच. मालोजी सकपाळ कंपनीच्या फौजेत होते, त्यांचा मुलगा रामजी सुभेदार झाला आणि निवृत्तीनंतर दापोलीला येऊन राहिला. रामजींचा मुलगा भीमराव. दुसरं नाव गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, अस्पृश्यतेवर ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. १८९५ मध्ये त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला खळखळ केली. आणि फौजेने या लोकांवर उपकार केले असं कुणी म्हणायच्या आत हेही सांगायला हवं की १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पगार, शाळा आणि पेन्शन यांची सवय झालेल्या समाजाच्या तोंडावर दार बंद झालं, आणि ते ठोठावताना जी भाषा तयार झाली ती पुढे उपयोगी पडली.

मी काही किल्ला आणि चवदार तळं यांच्यात सरळ रेघ ओढत नाहीये. माझ्या कामात दोन गोष्टी एकाच थरात सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं लिहिलं तर परीक्षक फाडून खातील. महाडच्या सत्याग्रहाची कारणं पुष्कळ आहेत: १९२३ चा सी. के. बोले यांचा नव्हे, सी. के. हे भलतेच, सीताराम केशव म्हणजे रावबहादूर सी. के. की एस. के., हा घोळ मीही बरेच दिवस घालायचे, तर एस. के. बोले यांचा मुंबई कायदे कौन्सिलातला ठराव, तो अमलात आणण्याचा १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, सुरबानाना टिपणीस, आणि लाडवली-दासगाव भागात वाढलेले रा. बा. मोरे, ज्यांनी मार्च १९२७ ची परिषद भरवायला जिवाचं रान केलं. १९ आणि २० मार्चला परिषद झाली आणि २० तारखेला लोक तळ्यावर गेले, हे आपल्याला पाठ असतं.

डिसेंबरची परिषद जरा कमी आठवते. त्या वेळी धरमतरकडून महाडला जायला मोटारवाले गाड्या देईनात. म्हणून २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. बोट हरिहरेश्वरला आली, तिथून खाडीतून दासगाव, आणि दासगावहून पाच मैल पायी महाड. २५ तारखेला रात्री मनुस्मृती जाळली. हरिहरेश्वरहून खाडीत शिरणारी बोट बाणकोटच्या टेकडीसमोरूनच जाते, दुसरी वाट नाही. आंबडव्याच्या सकपाळांचा मुलगा बाणकोटच्या तटाखालून जाऊन कंपनीच्या जुन्या दासगाव बंदरात उतरला. आणि बाणकोटवरच्या एकाही लेखात मला ही बोट दिसली नाही.

का दिसली नाही, याचं एक कारण कपाटातच सापडलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये बाणकोट आहे रत्नागिरीच्या खंडात, १८८० चा. महाड आणि दासगाव कुलाब्याच्या खंडात, १८८३ चा. सरहद्द खाडीच्या मधून गेली आणि एका पाण्याचे दोन ग्रंथ झाले. आपले गडकिल्ल्यांचे लेख जिल्हावार, सत्याग्रहावरची पुस्तकं वेगळ्या कपाटात, आणि आमचे गाळाचे पेपर तिसरीकडेच. मला सुद्धा सॅम्पलिंगची परवानगी दोन जिल्ह्यांत दोनदा मागावी लागली, ते असो.

तर बाणकोटला जायचं असेल तर उलटं जा. सकाळी महाडला चवदार तळ्यापासून निघा. दासगावला महामार्ग सोडून खाली पाण्याकडे उतरा. बंदर म्हणावं असं फार काही दिसणार नाही, ओहोटी असेल तर नुसता चिखल दिसेल, चप्पल हातात घ्या. मग आंबेतचा पूल ओलांडून म्हाप्रळवरून मंडणगड तालुक्यात शिरा. किल्ला शेवटी ठेवा, दुपार कलल्यावर, आणि तटावर चढलात की समुद्राकडे पाठ करून बसा. भरती लागायची वेळ आधी बघून ठेवलीत तर पाणी आत चढताना दिसेल.