हेलन केलरचे कॉलेज

हेलन केलर म्हटले की आपल्याला हापसा आठवतो. १८८७ साल, सात वर्षेही पुरी न झालेली मुलगी, एका हातावर पाणी आणि दुसऱ्या तळव्यावर अ‍ॅन सलिव्हनची बोटे. गोष्ट तिथेच थांबवण्याची आपली खोड जुनी आहे. मला मात्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे हापशाचे पुस्तक वाटत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या लेखिकेचे वाटते. १९०३ मध्ये ते ग्रंथरूपाने आले तेव्हा हेलन रॅडक्लिफची विद्यार्थिनी होती, आणि त्यातला काही मजकूर प्रा. चार्ल्स कोपलंड यांच्या निबंधाच्या तासासाठी आधी लिहिलेला होता.

म्हणून मी शेवटची प्रकरणे पुन्हा पुन्हा वाचतो. १८९९ च्या प्रवेशपरीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला सलिव्हनबाईंना मनाई झाली. पेपर ब्रेलमध्ये उतरवून मिळाले. भाषांचे निभावले, बीजगणिताचे अडले. हेलन गणित इंग्रजी ब्रेलच्या चिन्हांनी शिकलेली, पेपर अमेरिकन ब्रेलमध्ये, आणि हे तिला कळले परीक्षेच्या दोन दिवस आधी. आदल्या रात्रीपर्यंत कंस आणि मूळचिन्हे एकमेकांत मिसळत होती. ती उत्तीर्ण झाली. पण ही अडचण तिच्या डोळ्यांची नव्हती, कागदावर कोणती चिन्हे उमटवायची हे ठरवणाऱ्यांची होती.

वर्गात व्याख्यान तळहातावर उतरायचे. हात ऐकण्यात गुंतलेले, त्यामुळे टिपणे नाहीत. आठवेल तेवढे घरी जाऊन लिहायचे. उठावाच्या अक्षरांत छापलेली पाठ्यपुस्तके थोडीच. उरलेली कुणीतरी हातावर अक्षर अक्षर लिहून वाचून दाखवायची. बाकीच्या मुली मोकळ्या हिंडत असताना आपण धड्यांशी झगडतो, याची ती चक्क कुरकुर करते. पुस्तकातले सर्वांत चांगले गद्य मला या कुरकुरीत सापडते. इतरत्र फुले, प्रकाश, अभिजात ग्रंथांचे दाखले जरा जास्तच दाटतात.

या दाटीवरच टीका झाली. थॉमस कट्सफर्थ या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये आक्षेप घेतला, की डोळसांचे शब्द तिच्यावर लादले गेले, तिचा स्वतःचा अनुभव मागे पडला. आक्षेप वजनदार आहे, तरी मला पुरता पटत नाही. जिला सारी भाषा दुसऱ्याच्या बोटांतून आणि पुस्तकांतून मिळाली, तिने उसने कोणते आणि आपले कोणते हे कसे निवडावे? अकराव्या वर्षी लिहिलेली ‘द फ्रॉस्ट किंग’ ही तिची गोष्ट मार्गारेट कॅनबी यांच्या कथेशी जुळली, आणि पर्किन्स संस्थेत या मुलीची चौकशी झाली. पुढे साधे पत्र लिहितानाही वाक्य आपलेच ना, ही धास्ती तिला राहिली. तरी ते सारे प्रकरण तिने आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले. लादलेल्या शब्दांवर जगणारी बाई हे करीत नाही.

आपल्याकडे परीक्षेला लेखनिक घेऊन बसणाऱ्या मुलाकडे पर्यवेक्षक ज्या नजरेने पाहतो, ती नजर इथे ओळखीची वाटेल. उत्तर कुणाचे, हा प्रश्न त्याच्या शेजारच्या बाकावर पाठ केलेले गाईड उतरवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

१९०४ मध्ये हेलन सन्मानाने बी.ए. झाली. वर्षानुवर्षे तिच्यासाठी व्याख्याने हातावर उतरवणाऱ्या, पुस्तके वाचून दाखवणाऱ्या आणि स्वतः अधू दृष्टीच्या असलेल्या सलिव्हनबाईंना रॅडक्लिफने पदवी दिली नाही.