वंदा, बांडगूळ आणि व्हँडा : आमरींच्या वर्गीकरणातील नामविचार

वनस्पतीचा शोध लागणे आणि तिला नाव मिळणे या दोन घटना शास्त्रीय वाङ्मयात बहुधा एकच मानल्या जातात. ज्या दिवशी लॅटिन वर्णन छापले जाते तो शोधाचा दिवस ठरतो. तत्पूर्वी ती वनस्पती ज्या शब्दाने ओळखली जात होती, तो शब्द फार तर तळटीपेत उरतो. आमरींच्या, म्हणजे ऑर्किड कुलाच्या, बाबतीत या समजुतीची परीक्षा करणे विशेष उद्बोधक ठरते. कारण या कुलातील एका प्रमुख प्रजातीचे लॅटिन म्हणून चालणारे नाव मुळात संस्कृत आहे.

विल्यम जोन्स यांचे 'वंदा'चे वर्णन 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये 1795 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रॉक्सबर्ग यांनी ही वनस्पती 'एपिडेंड्रम टेसेलेटम' या नावाने वर्णिली. 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी 'व्हँडा' ही प्रजाती रूढ करून या जातीला रॉक्सबर्ग यांचे नाव दिले. परंतु अग्रक्रमाच्या नियमानुसार रॉक्सबर्ग यांचेच विशेषण टिकले आणि आज ती 'व्हँडा टेसेलेटा' म्हणून ओळखली जाते. पाकळ्यांवरील तपकिरी चौकडीची जाळी त्या विशेषणात आहे. 'एपिडेंड्रम' या ग्रीक शब्दात मात्र 'झाडावर असणारे' एवढाच अर्थ होता. म्हणजे लिनियसच्या परंपरेनेही प्रथम आश्रयच पाहिला, पुष्परचना नंतर.

संस्कृतातील 'वंदा' हा शब्द आमरीचा वाचक नव्हे. अमरकोशात त्याच्या पर्यायांमध्ये 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' हे दोन्ही शब्द येतात. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा केवळ झाडावर वाढणारी. हिंदीतील 'बाँदा' आणि मराठीतील 'बांडगूळ' यांच्या वापरातही हा भेद स्पष्ट होत नाही. वस्तुतः तो मूलगामी आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे आश्रयवृक्षाच्या अंगात घुसवून त्याचा रस घेते. वृक्षवासी आमरीची मुळे हवेत लोंबतात व भोवतालच्या सच्छिद्र आवरणाने पाणी टिपतात. वृक्ष तिला आधार देतो, अन्न देत नाही. जोन्स व ब्राउन यांनी शब्द उचलला आणि त्याचा अर्थसंकोच केला. हा संकुचित शब्द 'व्हँडा' या परक्या उच्चाराने मराठीत परतला, तेव्हा आपलाच शब्द आपल्याला ओळखू आला नाही.

यावरून लोकभाषेतील वर्गीकरण चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ते निराळ्या प्रश्नाचे उत्तर होते. ओष्ठ, स्तंभ व परागपुंज यांवरून 'ही कोण' हे ठरते. 'ही कोठे सापडेल' हे ठरत नाही. युरोपातील 'ऑफ्रिस'च्या कित्येक जाती चुनखडीच्या माळांवर वाढतात. आग्नेय आशियातील 'पॅफिओपेडिलम'च्या अनेक जाती चुनखडकांच्या कड्यांना धरून असतात. 'चुनखडीवरील आमरी' हे कुल नव्हे, प्रजातीही नव्हे. तरीही हा वर्ग मनात नसलेला संग्राहक त्या कड्याकडे फिरकणारही नाही.

उलट लोकनामांवर आंधळी भिस्त ठेवणेही तितकेच घातक आहे. 'रास्ना' या एकाच नावाने बंगालकडे व्हँडाची मुळे, उत्तरेत 'प्लुचिया लान्सिओलाटा' आणि दक्षिणेत कोलिंजन घेतले जाते. आंब्यावरचे बांडगूळ कापणे हे बागाईतदाराचे रास्त काम. पण दोन्हींना एकच शब्द लावला की निरुपद्रवी आमरीही त्याच कोयत्याखाली येते. आज संपूर्ण आमर कुल वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या नियंत्रणाखाली आहे. कायद्याने रक्षिलेली वनस्पती शब्दाच्या संदिग्धतेने नष्ट व्हावी, हे शोचनीय होय.

वऱ्हाडापुरता विचार करता ही उणीव अधिकच जाणवते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. वऱ्हाड त्या इलाख्यात नसल्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. राज्याच्या आजच्या सीमा धरून एकदलिकितांचा खंड भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने 1996 मध्ये काढला. वनस्पतींना सीमा नसतात, ग्रंथांना असतात. तेल्हाऱ्याची काळी, खारपाणपट्ट्यातील जमीन वृक्षवासी आमरींना फारशी अनुकूल नाही. पण उत्तरेस गाविलगडची रांग उभी राहते आणि पानझडी अरण्य सुरू होते. ही रांग मुख्यत्वे काळ्या पाषाणाची. चुनखडक हवा तर मोर्शी तालुक्यात सालबर्डीकडील लॅमेटा थरांकडे वळावे लागते. असा भेद दहा-वीस कोसांत असताना 'मेळघाट' एवढेच स्थलनाम लिहिलेली नोंद अपुरी होय.

म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर लॅटिन नावाबरोबर आश्रयवृक्ष किंवा खडक, फुलण्याचा महिना आणि सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द यावा. तो शब्द वऱ्हाडी आहे की कोरकू, याचीही नोंद व्हावी. कारण कोरकू ही मुंडा शाखेतील भाषा असून तिचे शब्द मराठीच्या साच्यात घालून लिहिले तर त्यांचे मूळ रूप हरवते. पाठ्यपुस्तकी 'आमर कुल' ही संज्ञा सोयीची आहे. तिने अरण्यातील नावांची जागा मात्र घेऊ नये. लॅटिन नाव वनस्पतीला जगाच्या सूचीत स्थान देते, तर स्थानिक नाव तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दाखविते. यांपैकी एक गाळणारे वर्गीकरण नियमाला धरून असेलही, पूर्ण नव्हे.