टिमोथीचे मन

इंग्लंडमधील सेल्बोर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या निसर्गवर्णनपर ग्रंथात टिमोथी नावाच्या पाळीव कासवाचे मोठे मनोवेधक चित्र आहे. तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घालणारी वृद्धा, म्हणजे व्हाइटची आत्या, दृष्टीस पडताच ते अवघडल्या लगबगीने तिच्याकडे जाई. परक्यांची मात्र दखल घेत नसे. व्हाइट यास कृतज्ञता म्हणतो. वस्तुतः येथे सिद्ध होते ती ओळख. कृतज्ञता ही निरीक्षकाने घातलेली भर होय.

ही भर कोठवर जाते, हे दुसऱ्या एका वर्णनात दिसते. उन्हाळ्याच्या आरंभी कासव सकाळी पाचलाच उठून बागेच्या कुंपणातील फटी धुंडाळी. व्हाइटला त्यात नराची कामातुरता दिसली. पुढे, कासवाच्या मृत्यूनंतर, कवचावरून टिमोथी ही मादी ठरली! (मराठीत ‘कासव’ नपुंसकलिंगी असल्याने आपल्याकडील लेखक या आपत्तीतून कदाचित सुटला असता.) मात्र यावरून कासवास भावनाच नसतात असे म्हणणे, हा उलट दिशेने केलेला तोच प्रमाद ठरेल. अस्वस्थता खरी होती. ती अंडी घालण्याच्या जागेसाठीही असू शकेल. चुकले ते तिला दिलेले नाव.

व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. व्हाइटजवळ कासव एकच होते. त्यामुळे पावसाची त्याला वाटणारी विलक्षण धास्ती हा टिमोथीचा स्वभाव की कासवजातीचा, हे व्हाइटच्या नोंदींवरून, त्या कितीही सूक्ष्म असल्या तरी, ठरविता येत नाही.