न पाहिलेल्या चित्रपटाची वाट पाहताना

न वाचलेल्या अभंगावर निरूपण करू नये, तसे न पाहिलेल्या चित्रपटावर लिहू नये, हे मला कळते. पण येत्या रविवारी बारामतीला नातू मला तो दाखवणार आहे. गोष्ट त्याने आधीच सांगून टाकली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

चित्रपट ‘वॉल-ई’, अमेरिकेतला, २००८ सालचा, दिग्दर्शक अँड्र्यू स्टॅन्टन. माणसांनी इतके विकत घेतले आणि इतके टाकले की पृथ्वी कचऱ्याखाली गेली. सगळे यानात बसून निघून गेले, त्याला ७०० वर्षे झाली. खाली एक छोटे यंत्र रोज कचरा दाबून त्याच्या विटा रचते आहे. वर माणसे खुर्चीतून उठत नाहीत. डोळ्यांपुढे पडदा, हातात पेल्यातले जेवण. (वीट म्हटले की आपल्याला पंढरी आठवते. या विटांवर कोण उभे राहणार?)

त्या यंत्राला हिऱ्याची अंगठी सापडते. ते अंगठी फेकून देते आणि डबी ठेवते. नातू हसत होता, मला राका-बांका आठवले. वाटेत सोने दिसले तेव्हा बायकोचे मन जाऊ नये म्हणून राकांनी त्यावर माती लोटली. बांकांनी विचारले, मातीवर माती कशाला? पण फरक आहे. बांकांना सोन्याची किंमत ठाऊक होती. यंत्राला हिरा कशाशी खातात ते माहीत नाही. ठाऊक नसताना टाकले, त्याला वैराग्य कसे म्हणावे? शिवाय टाकलेल्या वस्तू वेचून त्याने घर भरले आहे म्हणे. मात्र लोकांना नकोशा झालेल्या वस्तूकडे ते कौतुकाने पाहते, एवढे मला आवडले.

माझी शंका वेगळी आहे. कीर्तनात दृष्टांत रंगला की लोक तोच घरी नेतात, सिद्धांत मंडपात राहतो. इथे सगळा दोष एका मोठ्या दुकानदार कंपनीवर गेला, तर पाहणारा निर्धास्त हसेल. याच यंत्राची खेळणीही बाजारात आली. नातवाकडे एक होते. आता कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही.

हसायला मीही मोकळा नाही. तुकोबारायांची पालखी सणसरहून निघाली की बेलवाडीला गोल रिंगण होते. अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो, आणि त्याच मातीत अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या सोडून पुढे निघतो. त्यात माझीही असायची. फुकट मिळाली की तहान नसताना हात पुढे होतो. आणि शाली! पन्नास वर्षे ‘संग्रह करू नका’ सांगितले, त्याबद्दल मिळालेल्या शालींनी इंदापूरच्या घरातले कपाट भरले आहे. काही वाटल्या. चांगल्या होत्या त्या ठेवल्या.

म्हणून मी एकाच प्रसंगाची वाट पाहतो आहे. शेवटी यानातला कप्तान स्वतःच्या पायांवर उभा राहतो, असे नातू म्हणाला. तो कशाने उठतो? जुन्या बुटात जगलेले एक रोप त्याच्या हाती आलेले असते, तेवढ्याने? की आतून काही हलते? नातवाला सांगून ठेवले आहे, तिथे थांबव, मला ते दोनदा पाहायचे आहे.