‘बिमार नाही त्याले औषध कायले?’

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) येथे शिक्षक आणि वरच्या वर्गांतली मुले यांच्या एका छोट्या बैठकीत, औषधे कशी तयार होतात यावर बोलण्याचा योग आला. आम्ही फळ्यावर नेहमीच्या पायऱ्या काढल्या: प्रयोगशाळा, प्राणी, मग माणसांवरील पहिला, दुसरा, तिसरा टप्पा. पहिल्या टप्प्यासमोर ‘निरोगी स्वयंसेवक’ असे लिहिले आणि पुढे निघालो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, जो बिमारच नाही त्याले औषध कायले देता?’’

आम्ही उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. परतल्यावर या विषयावर मराठीत लिहिले गेलेले जे हाताशी होते ते पुन्हा चाळले. त्यात दोनच प्रकारच्या कथा भेटतात. एकीत तो निरोगी माणूस वीर असतो, दुसरीत गिनिपिग. त्याच्याकडून नेमके काय समजून घ्यायचे होते, हे दोन्हींत राहून जाते.

वीरकथा आपल्याकडे सर्वांत जास्त सांगितली जाते ती हाफकिन यांची. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांना दिली त्यापेक्षा बरीच मोठी होती. ताप आला, टोचल्या जागी दुखले, मग ते बरे झाले. गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात आणि ‘अशा रीतीने लस सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले’ असे म्हणून मोकळे होतात. पण एका माणसाला टोचून सिद्ध काय होते? एवढेच, की ती मात्रा प्रत्येकाला मारत नाही. धैर्याबद्दल आदर ठेवूनही हे वाक्य वर्गात चुकीचेच म्हटले पाहिजे.

खरा प्रयोग त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात झाला. तिथे प्लेग शिरला होता. काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. टोचलेल्या 147 जणांपैकी पुढे 2 जणांना प्लेग झाला आणि मृत्यू एकही नाही. न टोचलेल्या 172 पैकी 12 जणांना झाला आणि 6 दगावले. तुलनेला दुसरा गट ठेवला म्हणून या आकड्यांना अर्थ आला. पण इथेही दोन शंका विद्यार्थ्यांनी विचारायला हव्यात. कोणी टोचून घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, ज्याने त्याने ठरवले. मग दोन्ही गट सारखेच होते कशावरून? आणि तुरुंगातल्या माणसाचे ‘हो’ कितपत मोकळे असते? आजच्या नियमांत कैद्यांची गणना सहज दडपणाखाली येऊ शकणाऱ्यांत होते आणि त्यांच्यासाठी जास्तीचे संरक्षण सांगितले आहे. हाफकिन यांना आजच्या नियमांनी दोषी ठरवण्याचे कारण नाही, पण परळच्या ज्या संस्थेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले तिची गोष्ट सांगताना ही बाजूही सांगावी.

आता त्या मुलाचा प्रश्न. याची उत्तरे दोन आहेत आणि लोकप्रिय लेखनात ती एकात एक मिसळलेली असतात. लस ही मुळात निरोग्यालाच द्यायची असते, तेव्हा तिची चाचणी निरोग्यावर होणार यात नवल नाही. औषधाचे तसे नाही. तिथे पहिल्या टप्प्यात रोग बरा होतो का हे पाहायचेच नसते. औषध रक्तात किती चढते, किती तासांनी उतरते, यकृत आणि मूत्रपिंड ते कसे बाहेर टाकतात, कोणत्या मात्रेला त्रास सुरू होतो, एवढेच पाहायचे असते. रोग्याचे यकृत आधीच बिघडलेले असेल, तो आणखी चार गोळ्या घेत असेल, तर दिसलेला त्रास औषधाचा की रोगाचा, हे कळणार कसे? म्हणून कोरी पाटी हवी. कर्करोगाची बरीच औषधे मात्र इतकी विषारी असतात की निरोगी माणसाला ती देणे समर्थनीय ठरत नाही. त्यांचा पहिला टप्पाही रुग्णांवरच होतो.

कोऱ्या पाटीचे चांगले उदाहरण पुण्यातले आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी 2005 मध्ये भारतातली एड्सच्या लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात एचआयव्हीच्या काही जनुकांचे तुकडे बसवलेले होते. त्यातून एड्स होणे शक्य नव्हते. निरोगी स्वयंसेवक 30. लस निर्धोक ठरली, पण तिने जागवलेली प्रतिकारशक्ती फारच माफक होती आणि ती लस पुढे आली नाही. अशा वेळी ‘चाचणी फसली’ असे लिहिले जाते. आमच्या मते ते अन्यायाचे आहे. फसली ती लस. चाचणीने आपले काम चोख केले, आणि हजारोंना टोचण्याआधी केले. या 30 जणांनी पत्करलेला धोका तर आणखी वेगळाच होता. एचआयव्हीची लस घेतल्यावर शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, तर नेहमीची रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकते. संसर्ग नसताना नोकरीत, लग्नाच्या बोलण्यांत हे कोणाला समजावत बसायचे?

मात्र ‘30 जणांत निर्धोक’ याचा अर्थ किती ताणायचा, हे गणिताच्या शिक्षकांनी हाती घ्यावे. एखादा दुष्परिणाम शंभरात एकाला होतो असे धरू. तो 30 पैकी एकालाही न दिसण्याची शक्यता 0.99 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 74 टक्के. चारांतल्या तीन वेळा आपण फसणार! दहांत एकाला होणारा दुष्परिणाम मात्र 30 जणांत निसटण्याची शक्यता जेमतेम 4 टक्के. म्हणजे पहिला टप्पा ढोबळ धोका पकडतो, बारीक नव्हे. मापाने मोजायचे तर एक सोपा ठोकताळा आहे: ‘न’ माणसांत एकही प्रकार दिसला नाही, तर खरे प्रमाण 3 भागिले ‘न’ एवढे असू शकते असे धरून चालावे. तिसांसाठी ते 10 टक्के येते. हे वर्गात चण्यांनी करता येते. पिशवीत 99 पांढरे आणि एक काळा चणा घाला. प्रत्येक वेळी एक काढून, पाहून परत टाकायचा, असे तीस वेळा करा.

हाच हिशेब विदर्भाच्या दाराशी आलेल्या एका प्रसंगाला लावून पाहा. 2 जुलै 2020 रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बारा संस्थांना पत्र पाठवले. त्यांत नागपूरचे एक रुग्णालयही होते. सर्व चाचण्या उरकून 15 ऑगस्टपर्यंत कोव्हॅक्सिन लोकांसाठी आणण्याचा मानस त्यात होता. तेव्हा पहिल्या स्वयंसेवकाला सुईही लागलेली नव्हती. पहिल्या टप्प्यात दोन डोस चौदा दिवसांच्या अंतराने द्यायचे होते आणि प्रतिपिंडे अठ्ठाविसाव्या दिवशी मोजायची होती. 15 जुलैला पहिला डोस दिलेल्याचा अठ्ठाविसावा दिवस येतो 12 ऑगस्टला. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांना उरले तीन दिवस! बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने जाहीर आक्षेप घेतला. परिषदेने खुलासा केला की कागदोपत्री दिरंगाई टाळणे एवढाच हेतू होता. असेल. पण तारीख पत्रात लिहिलेली होती, आणि आमची तक्रार तारखेबद्दल आहे. सहावीतला मुलगा बोटांवर मोजू शकेल असे गणित देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पत्रात चुकावे? प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याची नोंदणीच 30 जुलैपर्यंत चालली. एकूण 375 निरोगी स्वयंसेवक. 300 जणांना लसीचा कोणता ना कोणता प्रकार, 75 जणांना लसीतला मुख्य घटक वगळून केलेले टोचण. तीनशेंत शंभरातला एक दुष्परिणाम निसटण्याची शक्यता 5 टक्क्यांवर येते, पण हजारातला एक अजूनही चारांतल्या तीन वेळा निसटतो. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यात सुमारे 25,800 जण लागले. आणीबाणीची परवानगी 3 जानेवारी 2021 ला मिळाली, परिणामकारकतेचा पहिला आकडा त्यानंतर मार्चमध्ये आला. लस पुढे बरी निघाली, हे उत्तर बरोबर आलेल्या पण रीत चुकलेल्या गणितासारखे झाले. परीक्षेत आपण त्याला पूर्ण गुण देत नाही.

घाई किती महाग पडते ते लंडनने 2006 च्या मार्चमध्ये पाहिले. टीजीएन 1412 नावाचे नवे औषध सहा निरोगी तरुणांना एकाच सकाळी, काही मिनिटांच्या अंतराने देण्यात आले. मात्रा प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याची होती. तरी काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागामुळे ते वाचले. पहिल्याला देऊन थांबले असते, तर पाच जण वाचवता आले असते. आता नवे औषध आधी एकाला देऊन थांबण्याची रीत त्यातूनच रूढ झाली.

राहिला पैशाचा भाग. ‘गिनिपिग’ म्हणून हळहळणारे लेखन इथे थोडे खरे बोलते. भत्त्यासाठी येणारा तरुण आधीच्या चाचणीची गोष्ट लपवून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातो. तेव्हा त्याचाही जीव धोक्यात येतो आणि मोजमापही बिघडते, कारण पाटी आता कोरी नसते. त्याच्या हाती येते ते संमतीपत्र. आमच्या पाहण्यातल्या एका मराठी संमतीपत्रात ‘यादृच्छिकीकरणाद्वारे आपणांस नेमून देण्यात येईल’ असे वाक्य होते. ‘चिठ्ठी टाकून ठरेल’ असे लिहिले असते, तर काय बिघडले असते?

कायद्याने मात्र निरोगी माणसाची किंमत स्पष्ट शब्दांत, नव्हे आकड्यांत, लिहिली आहे. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचे सूत्र असे: 8 लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले 99.37. पंचविशीतल्या तरुणाचा वयाचा गुणक 216.91. जोखमीचा गुणक 0.5 पासून 4 पर्यंत. मरणपंथाला लागलेल्या रुग्णाला 0.5, निरोगी स्वयंसेवकाला 4. पंचविशीतल्या निरोगी तरुणासाठी हा आकडा सुमारे 70 लाख होतो. तळेगावला पुन्हा जाणे झाले, तर फळ्यावर पायऱ्यांच्या ऐवजी आम्ही हे सूत्र लिहू, आणि त्यातला 4 कशासाठी असे मागच्या बाकावरच्या त्या मुलालाच विचारू.