‘एद्झिनो’ : एका पत्नीवाचक शब्दाची उलटी व्युत्पत्ती

निर्मित भाषेतील शब्दांना व्याकरण असते, इतिहास नसतो, असा समज अभ्यासकांतही आढळतो. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो भाषेतील ‘एद्झिनो’ (पत्नी) हा शब्द त्यास छेद देतो.

एस्पेरांतोत ‘ओ’ हा नामदर्शक, तर ‘इन’ हा स्त्रीवाचक प्रत्यय. ‘पात्रो’ म्हणजे पिता, ‘पात्रिनो’ म्हणजे माता. त्याच न्यायाने ‘एद्झो’ (पती) पासून ‘एद्झिनो’ सिद्ध होतो. व्याकरण येथे थांबते. परंतु ‘एद्झ’ आला कोठून? झामेनहॉफ यांच्या स्पष्टीकरणानुसार, जर्मन ‘क्रोनप्रिन्त्सेसिन’ (युवराज्ञी) या शब्दाच्या शेपटातून प्रथम पत्नीवाचक अंश सुटा झाला. त्यातील ‘इन’ वगळून पती निर्माण झाला. काही अभ्यासक यिद्दिश ‘रेबेत्सिन’ (धर्मगुरूची पत्नी) हे मूळ सुचवितात. यिद्दिश झामेनहॉफ यांना बालपणापासून अवगत होती, हे पाहता ते मला अधिक पटते. मूळ कोणतेही माना, पत्नी आधी आणि पती नंतर.

संस्कृतातील ‘धव’ असाच. ‘विधवा’ हा प्राचीन, अखंड शब्द (लॅटिन ‘विदुआ’ त्याचा सगोत्र) ‘वि’ + ‘धवा’ असा फोडला गेला आणि पतीवाचक ‘धव’ जन्मास आला. ‘सधवा’ त्याच फोडीवर उभा आहे!

एस्पेरांतोत स्त्री सर्वत्र पुरुषापासून साधली जाते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. रूपापुरता तो ‘एद्झिनो’लाही लागू पडतो, व्युत्पत्तीच्या अंगाने मात्र येथे पुरुषच साधित आहे.